झरोक्यांच्या पेटीतलं डोकं

निरीक्षकाची नोकरी गेली. गेली नाही असं धरून पुढे वाचा. तोही तसंच धरून रोज तापमानाची नोंद घ्यायला जातो. ध्रुवावरच्या तळावर जहाज वर्षातून एकदाच येतं, त्यामुळे काढून टाकलेल्या माणसालाही जेवायला वाढावं लागतं.

बायकोला मात्र त्याने सांगितलं होतं, चार महिन्यांत येतो. जहाजाचं तेवढं सांगायचं राहून गेलं. मग रोज संध्याकाळी फोनवर तिची समजूत काढणं आलं. तळावरच्या भिंती अशा, की आचाऱ्याने जांभई दिली तर प्रमुखांना झोप येते. म्हणून तो बाहेर जायचा. बाहेर उणे चाळीस, वर वारा. आडोसा एकच: तापमापक ठेवलेली पांढरी, झरोक्यांची पेटी. तिचं दार उघडून तो आत डोकं घालायचा आणि तापमापकासमोर तोंड धरून बायकोची माफी मागायचा.

थोड्याच दिवसांत ध्रुव संध्याकाळचा गरम व्हायला लागला. मुख्यालयातल्या संशोधक बाई हरखून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या हे जगापुढे मांडणार होत्या, आणि चोख नोंदींबद्दल निरीक्षकाचं कौतुकही करणार होत्या. प्रमुखांनी त्यांचा फोन जेवणाच्या टेबलावर स्पीकर लावून सगळ्यांना ऐकवला. टाळ्या पडल्या. निरीक्षकाने हातातला घास ताटात परत ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "ती वाढ माझी आहे."

बाईंना तो विनय वाटला. मग त्याने पेटीचं सांगितलं. आचाऱ्याने डाव खाली ठेवला. बाईंनी कामाच्या सुरात विचारलं, तोंड यंत्रापासून किती लांब होतं. वीतभर, तो म्हणाला.

"मंगळवारी नऊ अंश चढलेत. मंगळवारी काय झालं होतं?"

"ती रडली. मग मीपण."

सगळ्यांनी भिंतीवरच्या आलेखाकडे पाहिलं. त्याचा संसार तिथे लाल रेघेत वरखाली होत होता. शनिवारी रेघ अगदी सपाट होती.

"शनिवारी तिने उचलला नाही," तो म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

बाईंनी फोन ठेवला. तासाभरात नोकरी गेल्याचा निरोप आला, आणि प्रमुखांनी तो त्याच्या ताटाकडे बघत वाचला. आचाऱ्याने त्याला न मागता जास्तीचं वाढलं. ते खाणं सगळ्यात अवघड गेलं.

त्याने मुख्यालयाला उत्तर पाठवलं: सदर नोंदी रद्द न करता, त्या दिवसांचे ध्रुवीय तापमान मागील तारखेपासून प्रत्यक्षात वाढवून मिळावे, जेणेकरून नोंदी खऱ्या ठरतील व टेबलाभोवतीच्या कोणीही काहीही ऐकलेले नसेल, ही नम्र विनंती.