हनीफभाईचा ठिपका

ऐक ना ज्योत्स्ना, मधे बोलू नको, नुसतं ऐक.

आमचे अब्बा भांड्यांवर नावं घालायचे, ठाऊक हाय ना? पण शिकले उर्दू शाळेत. तिथं आधी सगळा शब्द लिहायचा, नुक्ते, म्हणजे ठिपके, मागून. मराठीतबी तसंच करायचे, अन् मागून दिलेला ठिपका हमखास एक अक्षर पुढं पडायचा! कोंडाबाईच्या तांब्यावर ‘कोडांबाई’ हाय. भूकंपात तिचं घर बसलं, ढिगाऱ्यातून गावाची भांडी निघाली, तर तिनं आपला तांब्या त्या ठिपक्यावरूनच वळखला.

तर परवा ती आली. नातू आनंदराज नांदेडला डॉक्टरकीला लागला.

“त्याच्या खोलीला पितळी पाटी पायजे, हनीफभाई. अक्षर तुमचंच, ठिपकाबी तुमचाच!”

अब्बा म्हणले, “हात कापतो, अक्का. आता न्हाई जमत.” अन् छिन्नी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. जेवतानाबी नजर माळ्याकडंच गं. 

मग मी अम्मीचं लॅमिनेशन मशीन घेतलं. तेच, क्लासच्या पोरांच्या आयकार्डाचं. जुन्या भांड्यांवरची अब्बाची अक्षरं मोबाइलनं टिपली, जोडली, पारदर्शक प्लास्टिकवर प्रिंट काढली. पितळेचा पातळ पत्रा घासला, वर ती उजेडानं कडक होणारी निळी फिल्म ठेवली अन् घातला मशीनमधे. निघाल्या नुसत्या सुरकुत्या!

अम्मी म्हणली, “उमैमा, पापड लाटून राहिलीस का?”

दुसरा पत्रा आधी गरम केला, हळूहळू सोडला. बसली फिल्म, अशी चापून! वर प्रिंट, वर काच, अन् उन्हात. काळ्या अक्षराखाली ऊन पोचत न्हाई, तेवढी फिल्म मऊ राहती, धुण्याच्या सोड्यात निघून जाती. मग औषधात टाकलं की उघडं पितळ तेवढंच खाल्लं जातं.

पण ‘आनंदराज’चा ठिपका? कुठं द्यावा कळेना, म्हणून प्रिंटमधे दिलाच न्हाई.

सोड्यातून पत्रा काढला, तर निळ्यात चमकून राहिलं अब्बाचं अक्षर. अब्बा मागंच उभे.

“हे तर माझं हाय.”

“हाव. फक्त ठिपका राहिलाय. जोर लागत न्हाई अब्बा, सुईनं नुसती फिल्म खरवडायची.”

सुई घेतली. हात असा थरथरला, असा थरथरला, अन् ठिपका पडला… बरोब्बर ‘न’च्या डोक्यावर! उभ्या जन्मात पहिल्यांदा! अब्बा हसून राहिले, डोळे पुसून राहिले. “अगं, बघ तरी!” अम्मीला हाका. “कोंडाबाईला सांग, हनीफ सुधारला!”

मग ते नमाजला गेले. पत्रा औषधात टाकायचा होता, अम्मीचा निरोप मिळून कोंडाबाई येतच होती. ‘न’वरचा ठिपका धाकट्या अफसानाच्या नेलपॉलिशनं बुजतोय, मग तिथं औषध लागत न्हाई; ‘द’वर एक टोचा दिला की तिचा जुना हनीफभाई परत. अन् सुई माझ्या हातात.

आता सांग, तू काय केलं असतंस?