पहिल्या क्रमांकाचं दुकान

ऑनलाइन दुकानांची माहिती डेटाबेसमधून काढून देणारा प्रोग्रॅम, म्हणजे एपीआय, दिग्विजयसिंहांनी विकायला काढला होता. लिहिला होता निधीने, सिटी सेंटरच्या त्यांच्या ऑफिसात. सोमवारी इंदूरच्या शिखा मॅडम विकत घेण्याआधी तो तपासायला येणार होत्या. त्यांना पटला तर निधी नोकरीत कायम. नाही तर उमेदवारीचे सहा महिने संपलेच होते.

शनिवारी निधीने रिकाम्या डेटाबेसमध्ये नमुन्याची तीन दुकानं भरली. नावं दिग्विजयसिंहांनीच दिली होती: स्वतःचं, मामांचं, आणि मॅडमना बरं वाटावं म्हणून त्यांचं. क्रमांक डेटाबेसने आपोआप दिले.

त्यांचे मामा मानसिंगराव कंपनीत भागीदार. त्यांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिला.

"तुम्ही एक आणि आम्ही दोन?"

"मामासाहेब, नंबर ही तो है," दिग्विजयसिंह म्हणाले.

"संस्थानाच्या दसरा दरबारात आमच्या घराची खुर्ची तुमच्या वर असायची."

"सर, हा नंबर फक्त मशीनसाठी असतो," निधी म्हणाली.

"मग मशीनला रीत नको कळायला?"

निधीने दुकानं पुसली आणि मामांचं आधी घालून पुन्हा भरली. पण पुसलेले क्रमांक डेटाबेस परत वापरत नाही. मामा चार, भाचा पाच, मॅडम सहा.

"मग एकवर कोण?" दिग्विजयसिंहांनी विचारलं.

"कोणी नाही."

मानसिंगरावांनी मान डोलावली. "बरोबर आहे. ती गादीची जागा. दोन-तीन चवऱ्या ढाळणाऱ्यांच्या."

"डेटाबेसमधलं टेबल, म्हणजे दुकानांची अख्खी यादीच, पाडून नव्याने केलं तर दोन मिनिटांत क्रमांक पुन्हा एकपासून..." निधी म्हणाली.

"हात लावू नका," दिग्विजयसिंह म्हणाले. सात पिढ्यांत दोन्ही घराण्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

सोमवारी शिखा मॅडमनी सगळ्यांत आधी पहिल्या क्रमांकाचं दुकान मागवलं. उत्तर आलं: सापडले नाही.

"पहिलंच गायब?"

"गायब नाही, रिकामं," मानसिंगराव अदबीने म्हणाले. "मानाचं आहे."

मॅडम निधीकडे वळल्या. "तुम्हांला माहीत होतं?"

"होतं. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग करा ना."

निधीने परवानगीसाठी कोणाकडे पाहिलं नाही. जुनं टेबल पाडलं, नवं केलं आणि यादीत मॅडमचं दुकान सर्वांत वर घातलं. तपासण्या एकामागून एक पार पडल्या. सौदा ठरला.

निधीला कायम केल्याचं पत्र त्याच संध्याकाळी छापलं गेलं. त्यावर मामा-भाचे दोघांच्याही सह्या लागतात. वर कोणाची, यावर दीड महिना विचार चालू आहे.