आता उघडा डोळे

काचवाल्याने भुवया किंचित वर केल्या, ओठ सैल सोडले आणि समोरच्या आरशात पाहिलं. जमलं नाही. हा चेहरा त्याने कोर्टाच्या एका सिनेमातल्या न्यायाधीशाकडून उचलला होता. पोटच्या पोराला शिक्षा सुनावतानाही त्या गड्याच्या कपाळावर आठी पडत नाही. आरशात मात्र न्यायाधीश नव्हता, दाढ दुखणारा एक पिकल्या मिशांचा माणूस होता.

मग त्याने लढाईच्या सिनेमातला सुभेदार करून पाहिला. मग हसवणाऱ्या सिनेमातला तो आचारी, ज्याला सगळं गाव चुकून फौजदार समजतं. एकही चेहरा दोन श्वासांपेक्षा जास्त टिकेना. दुकानभर आरसे, त्यामुळे ज्या भिंतीकडे वळावं तिथे तोच घाबरलेला माणूस उभा.

"नाटकात काम मिळालं की काय?" शेजारचा न्हावी दारात उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

काचवाला फडकं घेऊन आरसा पुसायला लागला. न्हावी समजूतदार होता. घरात काय चाललंय ते त्याला माहीत होतं, म्हणून त्याने विषय बदलला आणि म्हणाला, चला, तुमचा तो भुताचा सिनेमा सांगा, बऱ्याच दिवसांत ऐकला नाही.

बाजारात काचवाल्याच्या सिनेमांची ख्याती होती. कुणी विचारायचा अवकाश, तो माणूस बघून सिनेमा सांगायचा. रडून मोकळं व्हायचंय? मग आगगाडीत चुकलेल्या बहिणींचा बघ. बायकोशी भांडलास? मग टपाल्याच्या प्रेमाचा बघ, आणि तिला सोबत ने. डोकं चालवायचं असेल तर चोरीचा, नुसतं बसायचं असेल तर मारामारीचा. प्रत्येक जातीतला एकेक त्याने निवडून ठेवला होता आणि त्यावर तो कुणाचं ऐकून घेत नसे. सगळ्यांत वरचा नंबर भुताच्या सिनेमाला. विहिरीतून बादली आपोआप वर येते, तो.

गंमत अशी की तो सिनेमा त्याने पाहिलाच नव्हता. म्हणजे तिकीट काढून पाहिला होता, पण सुरुवातीची नावं आणि शेवटचं लग्न एवढंच. काचवाला जन्माचा भित्रा. रक्त दिसलं की आडवा व्हायचा. धंदा काचेचा, त्यामुळे बोटं सदा कापलेली. बोट कापलं की मूठ आवळून, डोळे मिटून, भिंतीला धरून घरी जायचा आणि बायको चिंधी बांधायची. थिएटरातही तेच. संगीत जरा बदललं की याचे डोळे बंद आणि मनगट बायकोच्या हातात. धोका टळला की ती मनगट दाबायची आणि म्हणायची, "झालं. आता उघडा डोळे." घरी जाताना मधलं सगळं ती रंगवून सांगायची. तेच तो पुढे बाजारात सांगायचा.

आज मात्र न्हाव्याला तो नाही म्हणाला. डोकं दुखतंय म्हणाला.

बायकोच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी डावी बाजू पूर्ण काढली. काल तिला घरी आणलं, आणि उद्या सकाळी सिस्टर घरी येऊन पट्टी पहिल्यांदा सोडणार होती. त्यानंतर रोजची पट्टी घरच्या कुणीतरी करायची. दवाखान्यातून निघताना सिस्टरने विचारलं होतं, कोण करणार? काचवाल्याला वाटलं, बायको आपल्या बहिणीचं नाव घेईल. ती म्हणाली, "हे करतील."

घरी आल्यावर त्याने हातपाय गाळले. म्हणाला, "मला नाही जमायचं गं. आपल्यात बघायचं काम तुझं होतं."

"मी कुठे बघत होते?" बायको म्हणाली.

त्याला कळेना.

"मलाही भीती वाटायची. मी पडद्याकडे नाही, तुमच्याकडे बघत बसायची. आजूबाजूचे लोक श्वास सोडायला लागले की कळायचं, संपलं म्हणून."

"आणि येताना सांगायचीस ते?"

"मनाचं. तुम्ही इतक्या हौसेने विचारायचात, मग सांगायची काहीतरी."

ती बादली, तो विहिरीतला हात, बादलीत सापडलेली लहान मुलाची चप्पल, सगळं हिचं. काचवाला थक्क झाला. हसूही आलं असतं, पण ती पुढे बोलली.

"पट्टी सुटतानाही मी खाली बघणार नाही. तुमच्या तोंडाकडे बघेन. तुम्हाला बघवलं, तर मलाही कधीतरी बघवेल. तुम्ही डोळे मिटलेत, तर मी जन्मात तिकडे बघायची नाही."

म्हणून हा सराव चालला होता. दुकानाच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेला आणखी एक आरसा होता, त्याच्याच घरच्या कपाटाचा. बायको दवाखान्यात असतानाच त्याने तो काढून आणला होता. तिला सांगितलं, पारा उडालाय, नवा करतो. त्या आरशावर साधा डागही नव्हता.

सकाळी सिस्टर आली. कामाला चटपटीत आणि बोलायला गोड. तिने हात धुतले, वाटीत औषध ओतलं, त्याचा वास खोलीभर झाला आणि काचवाल्याच्या कानात घोंघावायला लागलं. बायको पलंगावर टेकून बसली होती, नजर त्याच्या चेहऱ्यावर. कात्री कापडातून करकर करत गेली. काचवाल्याने सुभेदार शोधला, सापडला नाही. न्यायाधीश पळून गेला होता. आचाऱ्याचा तर पत्ताच नव्हता. शेवटचा थर चिकटला होता, सिस्टरने पाणी लावलं आणि हळूच एक टोक उचललं. काचवाल्याच्या पापण्या आपोआप खाली यायला लागल्या. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेने काही पापण्या थांबत नव्हत्या.

तेवढ्यात त्याच्या मनगटाला तिचा हात लागला. दाबला नाही, नुसता धरला. तो हात थरथरत होता. इतकी वर्षं तो अंधारात थरथरत असणार आणि आपल्याला कधी कळलं नाही, कारण आपलाच हात जास्त थरथरत होता, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

त्याने डोळे उघडे ठेवले आणि पाहिलं.

"काय दिसतंय?" तिने विचारलं.

"सपाट आहे. आडवी रेघ आहे एक. काळे टाके."

"रेघ कशी?"

"सरळ आहे. फूटपट्टी लावून हिरकणीने काच कापावी, तशी. शेवटाला जरा वाकडी गेलीय."

"वाकडी का?"

"हात हलला असेल डॉक्टरांचा. माझाही हलतो."

तिला हसू आलं, पण हसताना दुखलं, म्हणून ती थांबली. त्याचा चेहरा ती अजून वाचतच होती.

"रडताय तुम्ही."

"हो," काचवाला म्हणाला, "पण बघतोय."

त्या दिवसापासून रोजची पट्टी त्याने केली. भीती गेली म्हणावं तर खोटं होईल. रोज सकाळी औषधाचा वास आला की भीती दारात हजर असायची. तो पट्टी सोडायचा, काय दिसतं ते बायकोला खरं खरं सांगायचा, लाली कमी आहे, आज इथे जरा ओल आहे, आणि ती त्याच्या तोंडाकडे बघून ऐकायची. खाली तिने एकदाही पाहिलं नाही.

टाके निघाले त्या दिवशी ती म्हणाली, "आरसा कधी आणताय?"

"पारा अजून..."

"पारा उडालेला नाही. रोज त्यात केस विंचरत होते, मला कळत नाही का?"

तो संध्याकाळी आरसा घेऊन आला. गोणपाट सोडलं आणि कपाटाच्या दारावर जरा वर धरून पाहिला, चेहरा तेवढा दिसेल इतका वर. असाच लावावा असं त्याला फार वाटलं.

"होता तिथेच लावा," ती मागून म्हणाली.

त्याने लावला. फडक्याने पुसला. ती समोर येऊन उभी राहिली, डोळे घट्ट मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच ब्लाऊजची बटणं सोडायला लागली. बोटं अडखळत होती. शेवटचं बटण सुटलं तेव्हा तिने हात त्याच्याकडे पुढे केला.

काचवाल्याने तिचं मनगट धरलं. दाबलं नाही. डोळे कधी उघडायचे ते तिचं तिने ठरवायचं होतं. तो शेजारी उभा राहिला, आरशाकडे तोंड करून, आणि तोवर तिच्या वाटचं बघत राहिला.