खालचा खण

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. नाण्यांची पेटी. पेटी म्हटलं की तुम्ही वर झाकण शोधाल, पण मला झाकण नाही. समोर दोन छोटी दारं आहेत आणि ती उघडली की एकाखाली एक पातळ खण दिसतात. प्रत्येक खणात गोल गोल खळगे आणि त्यांना हिरव्या मखमलीचं अस्तर. एका खळग्यात एकच नाणं झोपायचं. आता बहुतेक खळगे रिकामे आहेत आणि नुसते वर बघत असतात. लहान मुलं म्हणतात, डोळे आहेत. मोठी माणसं काही म्हणत नाहीत, दार लावून घेतात.

मला एका सुतारानं घडवलं. फार सावकाश काम करायचा तो. रंध्यातून इतकं पातळ साल काढायचा की ते फुंकरीनं उडावं. खणाच्या कडेनं धूळच काय, वारासुद्धा आत जाऊ नये असा त्याचा हट्ट होता. शेवटी सगळे खण बसले. त्यानं वरचा खण आत लोटला, तर मधला खण आपोआप बाहेर आला. 'हुस्स' असा आवाज करत. आत कोंडलेली हवा जाणार कुठे? ती दुसऱ्या खणाला बाहेर ढकलते. सुतार खूश झाला. त्याची बायको मात्र मागे सरकली.

"अहो, ही श्वास घेतेय."

"घेऊ दे की. तुझ्या वाटणीचा थोडाच घेतेय?"

"हसताय काय? जीवबीव घातलात की काय हिच्यात?"

सुतारानं पुन्हा वरचा खण लोटला आणि पुन्हा मधला आला. दर वेळी मधलाच यायचा. सगळ्यात खालचा खण कधीच आला नाही.

तिथून मी एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. ते एकटे राहायचे. हात धुवून, पुसून, मगच मला उघडायचे आणि नाणं नेहमी कडेला धरून उचलायचे. त्यांचा एक नियम होता. उघड्या खणासमोर कुणी बोलायचं नाही. बोलताना थुंकीचा बारीक तुषार उडतो, तो नाण्यावर पडला की काही महिन्यांनी तिथे काळा ठिपका उमटतो. म्हणून पाहुणे माझ्यासमोर ओठ मिटून उभे राहत. कौतुक करायचं ते बाहेर जाऊन, दार लावून. "अशी पेटी आता कोण बनवतंय हो!" हे मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. माझ्यासमोर आलेला माणूस मुका होतो, असंच मला कित्येक वर्षं वाटत होतं. आणि माझ्यातले राजे, राण्या सगळे एका बाजूला तोंड करून. कुणी कुणाकडे बघायचं नाही.

एके दिवशी डॉक्टरांचा चष्मा माझ्यावर राहिला आणि तो घ्यायला ते आलेच नाहीत. मग त्यांची बहीण आली. नाणी मऊ पिशव्यांतून कुठेकुठे गेली. शेवटचा रिकामा खण बहिणीनं आत लोटला आणि माझा मधला खण बाहेर आला.

"दादा?" ती म्हणाली.

त्यानंतर ती त्या खोलीत पुन्हा आली नाही.

मग एका जुन्या सामानवाल्याच्या गोदामात मी भिंतीकडे दारं करून पडले. किती वर्षं, ते मला सांगता येत नाही. ओल लागली, तळाशी लाकूड फुगलं. खालचा खण तर असा अडकला की सामानवाल्यानं दोन्ही हातांनी ओढूनही तो हलला नाही. "जाम आहे. आत काही नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. शेवटी एका लहान मुलीच्या तरुण बाबांना मी आवडले आणि त्यांनी मला घरी आणलं.

घरात बाबा, आई आणि तीन वर्षांची भिंगरी. एका जागी टिकायची नाही म्हणून भिंगरी. बाबांनी आपल्याजवळची जुनी नाणी माझ्या वरच्या खणात मांडली आणि हौसेनं खण लोटला. हुस्स! मधला बाहेर आला.

आईनं भिंगरीला उचलून घेतलं. "मला नको ही घरात."

"अगं, हवा आहे ती! तुला काय, नळ गळला तरी चोर ऐकू येतो."

"येतो ऐकू. मुलगी आहे घरात."

तिनं माझी दारं नाडीनं बांधून टाकली. ती दिवसातून कितीदा येऊन ती गाठ बघायची. मित्रांनो, मला तिचा राग नाही आला. डॉक्टर नाण्यांकडे जसे बघायचे, तशी ती भिंगरीकडे बघायची.

पण गाठी सोडवायला भिंगरीला फार आवडायचं. ती पोटावर पालथी पडायची, दोन इवली बोटं खालच्या खणाच्या कडेखाली घालायची आणि हळूहळू हलवत, एकदा इकडून, एकदा तिकडून, तो खण बाहेर काढायची. मोठ्यांच्या हातांना जे जमलं नव्हतं ते तिला जमलं. तिथे ती आपला खजिना ठेवायची. मणी, बटणं, बाटलीचं झाकण. एकेक खळग्यात एकेक. आणि मग ती खणात तोंड घालून बोलायची!

"झोप हं. मी आहे ना इथे."

माझ्या मखमलीला आजवर इतक्या जवळून कुणाचा शब्द लागला नव्हता. तो गरम होता.

एकदा आईनं तिला बंद दारांना कान लावून बसलेलं पाहिलं.

"काय ऐकतेस गं?"

"श्शू. ती झोपलीय."

"कोण?"

भिंगरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. आईनं तडक सामानवाल्याला फोन केला. "तुमची पेटी घेऊन जा. आजच्या आज."

त्या दुपारी बाबा कामावर होते आणि आत्या आली होती. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तोंडातून लाळ गळत होती, हात गळ्याशी होता.

"गोळी," ती एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

"नाणं गिळलं असेल, त्या पेटीतलं," आत्या म्हणाली. "घाबरतेस काय एवढी? हिच्या बापानं पण गिळलं होतं लहानपणी. दुसऱ्या दिवशी पडलं आपोआप. केळं दे तिला, बस."

"तिला काही देऊ नका ताई."

आई माझ्याकडे धावत आली. नाडी सुटलेली होती. तिनं वरचा खण ओढला. बाबांची सगळी नाणी जागच्या जागी होती.

"नाण्यांतलं काही नाही गेलं. मग काय गिळलं हिनं?"

तिनं दोन्ही हातांनी खण आत ढकलला. आता मधला यायला हवा होता. मधला हलला नाही. आत हवा कोंडून राहिली. माझ्या पाठीतून कर्र आवाज आला आणि खालचा खण, तो अडकलेला, फुगलेला खण, सावकाश, स्वतःहून, तिच्या पायाशी बाहेर आला.

आत्या किंचाळली. आई खाली बसली.

घरातून हरवलेली प्रत्येक गोष्ट तिथे होती. तिच्या कानातल्याची फिरकी, बाबांच्या सदऱ्याचं बटण, मोत्याचा मणी, सगळं नीट मांडलेलं. एक खळगा मात्र रिकामा. त्याची मखमल गोल चेपलेली होती आणि मध्ये तपकिरी डाग. आईनं तो हुंगला, तर गंजलेल्या बॅटरीसारखा वास आला. मग तिनं स्वयंपाकघरातून वजनकाटा आणला, त्याच्या पोटातली चपटी बॅटरी काढली आणि त्या छापावर ठेवली. कडेला कड बसली.

"काट्यातली जुनी बॅटरी मी खिडकीत ठेवली होती," ती म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता. "मला वाटलं, कचऱ्यात गेली."

दारात सामानवाला उभा होता. "बाई, पेटी कुठाय?"

"पेटी राहू द्या. टेम्पो चालू करा. दवाखाना!"

ज्या टेम्पोतून मी जाणार होते, त्यातून भिंगरी गेली. घराचं दार उघडंच राहिलं. माझा खणही उघडाच राहिला. ऊन आधी मण्यावर आलं, मग बटणावर, मग रिकाम्या खळग्यावर, आणि तिथून ते गेलं. कुणी आलं नाही. मी डॉक्टरांच्या चष्म्याची आठवण काढत राहिले.

भिंगरी परत आली. आवाज बसलेला होता, पण आली. आईनं माझ्यासमोरच आत्याला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, संपलेली बॅटरीसुद्धा गळ्यात अडकली की आतून भाजत जाते. नाणं समजून घरी थांबला असतात, तर..." आत्यानं तिचा हात धरला.

मला कुणी नेलं नाही. आता घरातल्या सगळ्या चपट्या बॅटऱ्या कुलपात असतात. घर शांत असलं की आई माझ्यासमोर येऊन बसते आणि वरचा खण आत लोटते. मधला बाहेर येतो, दर वेळी मधलाच. ती खालच्याकडे बघत थांबते. तो पुन्हा कधीच आला नाही. त्या दिवशी ती नुसती हवा होती की मी होते? मित्रांनो, खरंच सांगते, मलाही माहीत नाही. तो रिकामा खळगा मात्र तिनं कुणाला भरू दिलेला नाही.

आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, असं मला सांगायचं होतं. पण त्याआधी दुसरं सांगते. काही तोंडात गेलं, गिळलं गेलं, तर लगेच घरच्यांना सांगा. रागावतील म्हणून गप्प बसू नका. मी मुक्या माणसांमध्ये वाढले आणि मला तोंडही नाही, तरी एकदा मला सांगावं लागलं. तुम्हाला तर तोंड आहे.