कापूस तुडवणाऱ्यांचा संघ

चेंडू सूर्यभानच्या पायात आहे. समोरच्या दोन बांबूंमध्ये कोणी नाही. आणि जहीर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, आपले दोन बांबू राखत उभा आहे. त्यानं आणखी काय करायचं? बघायचं.

चेंडू तिथंच राहू द्या. मागचं सांगायला हवं.

अकोल्याच्या कापूसबाजारात सूर्यभान, जहीर ही सगळी माणसं थैल्यांत उतरून पायांनी कापूस दाबायची. त्यांचा स्कॉटलंडचा साहेब म्हणाला, "अमेरिकेत लढाई आहे, माझ्या गावात कापूस पोचत नाही, माग बंद, म्हणून विणकर चेंडू खेळतात." आणि त्यानं चामड्याचा चेंडू टाकला. हात लावायचा नाही, एवढाच नियम. पहिल्या हंगामात दर्यापूरच्या गाडीवानांनीही यांना लोळवलं. "कापूस तुडवा बे, गवत काहून तुडवता?" लोक हसत.

पण त्या पायांत दम होता. गाडीवान हरले. मूर्तिजापूर हरलं. एलिचपूरची पलटण हरली! अमरावतीचे अडते गादी सोडून बघायला येऊ लागले.

तेवढ्यात

लोखंडी प्रेस आला. बैल फिरवले की कापूस दाबून गठाण तयार, पायांचं काम संपलं. साहेबाच्या मालकानं सांगून टाकलं: बडनेऱ्याला रेल्वेवाल्यांना हरवा, सगळ्यांना प्रेसवर ठेवतो. नाहीतर आपापल्या गावी जा.

म्हणून हा चेंडू. जो आधी आत घालेल तो जिंकला.

"मार बे, सूर्यभान!" जहीर ओरडला.

रेल्वेचा म्हातारा मुकादम खुशालराव आडवा आला नि घसरून पडला. सूर्यभानचा पाय त्याच्या खांद्याला लागला.

सूर्यभान थांबला.

वाकला. म्हाताऱ्याच्या खांद्याला बोटं लावून हात कपाळाला नेला. घरीदारी कोणाला पाय लागला की करतात, तसंच. चेंडू एकटाच हळूहळू पुढं गेला. रेल्वेवाल्यांनी तो उचलला, पायांनीच, आणि सगळे जहीरकडे धावत निघाले. जहीर उजवीकडे झेपावला.

चेंडू डावीकडून गेला.

साहेब घोड्यावर बसला आणि अकोल्याच्या वाटेला लागला.

"लागला तर लागू द्यायचा होता नं पाय!" जहीर म्हणाला. "खेळात कोन पाया पडते?"

"पाया नाई पडलो, जहीरभाऊ. हात आपोआप गेला."

"अन् आता प्रेसवर कोन जाईन? तुहा हात?"

जहीरच्या तोंडात आणखी शिव्या होत्या. पण आपला पाय लागला असता तर आपला हात गेला नसता? त्यानं हात झटकला.

खुशालराव लंगडत आला. हातात पाण्याचा लोटा.

"मले काई झालं नाई रे पोरा," तो म्हणाला. जिंकला होता, तरी आवाज पडलेला. "काहून थांबला तू?"

सूर्यभाननं ओंजळ धरली, पाणी प्याला. म्हातारा लोटा घेऊन जहीरकडे वळला.

जहीरनंही ओंजळ पुढं केली. तहान तर लागलीच होती.