मंडळाचं लेटरहेड

ड्युसेलडॉर्फच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष जयंत दातार म्हणजे कागदाला पक्का माणूस. यंदा गणपतीला प्रमुख पाहुणा म्हणून त्यानं थेट मंत्रीच आणला होता! ओकेलो, आफ्रिकेतल्या एका देशाचा अकरा वर्षं पाणीमंत्री. गावोगाव हातपंप बसवणाऱ्याचा पोरगा, ब्राउनश्वाइगला जयंतबरोबर शिकला, इंजिनिअर झाला, पुढे मंत्री. "माझा जुना दोस्त हो!" असं जयंत आठवडाभर सांगत सुटला होता. एक गोष्ट मात्र सांगत नव्हता. ब्राउनश्वाइगला शिकत असताना जयंतला कुणी भाड्यानं खोली देईना. जामीन म्हणून ओकेलोनं सही केली होती, कागद न वाचता.

आरतीआधी जयंतच्या फोनवर बातमी आली. राष्ट्राध्यक्षांनी ओकेलोला काढलं होतं, अटकेचा हुकूमही निघाला होता. जयंत धास्तावला. मित्रासाठी? छे हो! शाल-श्रीफळ आता द्यायचं कुणाला? "इथे दारातून गार वारा येतो," म्हणत त्यानं ओकेलोला पहिल्या रांगेतून उठवून तिसऱ्या रांगेत बसवलं आणि शाल तिथल्या नगरसेविका बाईंच्या खांद्यावर घातली. ओकेलोनं जोरजोरात टाळ्या वाजवल्या. बिचाऱ्याला वाटलं, आपला नंबर मागाहून आहे.

प्रसादाच्या वेळी त्यालाही फोन आला. द्रोण हातात घेऊनच तो जयंतकडे धावला.

"जयंत, अकिन्यी बहिणीकडे लपलीय. तिथली जर्मन वकिलात माझ्या बायकोला उद्या व्हिसा देईल, फक्त निमंत्रणाचं पत्र हवंय. मंडळाच्या लेटरहेडवर. आत्ता दे. नाहीतर तिला उचलतील."

लेटरहेड जयंतच्या बॅगेत होतं. शिक्काही होता.

"आल्झो... म्हणजे असं बघ, त्याला कमिटीत ठराव घ्यावा लागेल," जयंत म्हणाला. "बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी असते."

"त्याला तेरा दिवस आहेत!"

"नियम आहे रे. मी एकटा काय करणार?"

जयंतची बायको वासंती ताट ठेवून पुढे आली. "अहो, करा की सही! ब्राउनश्वाइगची खोली विसरलात?"

"तू प्रसाद वाट," जयंत खेकसला.

मोदक तसाच द्रोणात ठेवून ओकेलो बाहेर पडला. जयंतला मेल्याला हायसं वाटलं, सुटलो एकदाचा.

पहिल्या रविवारी जयंतच्याच घरी बैठक भरली. अकिन्यीला चौथ्या दिवशी उचललं होतं आणि नवव्या दिवशी ती कोठडीतच मेली होती. मग काय, ठराव झाला, तोही एकमतानं. श्रद्धांजलीचा! सगळे दोन मिनिटं उभे राहिले. वासंती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही.

"ओकेलोला सांत्वनाचं पत्र आजच गेलं पाहिजे, बरं दिसत नाही," असं म्हणत जयंतनं लेटरहेड काढलं. सही आणि शिक्का मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.