खांद्यावरची सुरकुती

आमच्या दुकानात कोट मी बेतते आणि भावजी शिवतात. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना कात्रीची हौस दांडगी, पण कापड त्यांच्या हाती दिलं की एक बाही बापाची आणि दुसरी लेकाची होते.

तीन वर्षांपूर्वी मी स्टुलावरून पडले आणि उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, दुखणं थांबलं, मी विसरून गेले. मग काही महिन्यांनी मानेपासून दंडापर्यंत पेटके यायला लागले. जाड लोकर कापताना खांदा मध्येच असा आखडायचा की कात्री जागीच अडायची. मी शेकायचे, चोळून घ्यायचे, रोज सकाळी दाराच्या चौकटीला लोंबकळून हात ताणायचे. तासभर बरं वाटायचं, मग पेटका दुपटीने यायचा.

एकाच महिन्यात दोन कोट वाया गेले तेव्हा भावजी म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही काज-बटणं बघा. कात्री मी घेतो."

वीस वर्षांचं माझं टेबल. रडू आलं आणि रागही आला, राग जास्त.

"सहा महिने द्या," मी म्हटलं. "नाही जमलं तर कात्री तुमची."

फिजिओथेरपिस्ट माझ्या लेकीच्या वयाची. तिने माझा दंड धरून हलकेच खाली ओढला. खांद्याच्या हाडाखाली खळगी पडली, त्यात तिने बोट ठेवलं.

"ताई, सांधा सैल आहे. त्याला बांधून ठेवणारे अस्थिबंध त्या पडण्यात ताणले गेलेत. आता तो निसटू नये म्हणून स्नायू जिवाच्या आकांताने आवळतात. तुम्ही त्यांनाच चोळताय, आणि लोंबकळून सांधा आणखी सैल करताय."

मी ओशाळले. कोटाच्या पाठीवर सुरकुती दिसली की भावजी लगेच इस्त्री फिरवतात, आणि मी त्यांना झापते, "आधी खांद्याची शिवण बघा, ढिली असेल." स्वतःच्या खांद्यावर मात्र दोन वर्षं इस्त्रीच फिरवत होते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

व्यायाम बघून हसू आलं. कोपर अंगाशी, मध्ये टॉवेलची घडी, हातात रबरी पट्टा, आणि तो वीतभर बाहेर ओढायचा. लोंबकळणं बंद. पहिल्या महिन्यात काडीचा फरक नाही. भावजी माझ्यासमोर कात्रीला धार लावत बसायचे. मग मीही पट्टा त्यांच्यासमोरच ओढायला लागले. चौथ्या महिन्यात अख्खा आठवडा पेटक्याविना गेला. दृष्ट लागेल म्हणून कुणाला बोलले नाही.

सहावा महिना संपता संपता लोकरीच्या लांब ओव्हरकोटाचं काम आलं. दुपदरी कापड पसरलं, खडूने आखलं. भावजी शेजारी येऊन उभे राहिले. पाठीच्या लांब रेषेच्या मध्यावर खांदा हमखास आखडायचा. ती जागा आली तशी मी मुद्दाम थांबले. पेटक्याला म्हटलं, ये बाबा, यायचं तर आत्ता ये.

नाही आला. मी कात्री शेवटपर्यंत नेली. मग पुढचे भाग, बाह्या, कॉलर, सगळं एका दमात कापलं. इतका आनंद मला पहिला कोट कापला तेव्हाही झाला नव्हता.

भावजींनी पाठीच्या कापाला पट्टी लावून पाहिली. दोनदा पाहिली. मग कात्री उचलून माझ्या बाजूला ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, मानलं तुम्हाला."

मी बटणांचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

"नऊ लागतील," मी म्हटलं. "काजंही तुम्हीच करा."